एकिनेशिया : बागेसाठी वाणांची निवड

एकिनेशिया ही सूर्यफूल कुलातील, म्हणजे झेंडू-शेवंतीच्या गोतातली बहुवर्षायू प्रजाती. उत्तर अमेरिकेच्या मध्य व पूर्व भागांतील गवताळ माळ आणि विरळ रानांच्या कडा हे तिचे मूळ घर. इंग्रजीत तिला कोनफ्लॉवर म्हणतात. फुलाच्या मध्यभागी बिंब-पुष्पकांचा, म्हणजे दाटीने बसलेल्या बारीक फुलांचा, टोकदार, फुगीर गोळा असतो व भोवती किरण-पुष्पकांच्या, म्हणजे कडेच्या फुलांच्या, किंचित झुकलेल्या पाकळ्या. काटेरी अंगाच्या हेजहॉगला ग्रीकमध्ये जे नाव आहे, त्यावरून १७९४ मध्ये हे प्रजातिनाम दिले गेले. महाराष्ट्रात ते फुलापेक्षा होमिओपॅथीच्या बाटलीवरच जास्त वाचले जाते.

बागेत दीर्घकाळ रुजली ती एकिनेशिया पर्प्युरिया ही जाती आणि तिचे गुलाबी-जांभळे वा पांढरे वाण. त्यांतल्या आडव्या, न झुकणाऱ्या पाकळ्यांच्या ‘मॅग्नस’ला अमेरिकेत १९९८ साली वर्षातील सर्वोत्तम बहुवर्षायू वनस्पतीचा मान मिळाला. पिवळा रंग मात्र अमेरिकेतील ओझार्क डोंगरांतल्या एकिनेशिया पॅराडॉक्सा या एकाच जातीकडे होता. शिकागो बोटॅनिक गार्डनमध्ये या दोन जातींचा संकर झाला आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी नारिंगी ‘ऑरेंज मेडोब्राइट’ बाजारात आला. आज दिसणारे आंबा, शेंदरी, विटकरी असे बहुतेक रंग याच सोयरिकीतून आले आहेत.

म्हणून वाण निवडताना रंगाआधी मुळांचा विचार करावा. पर्प्युरियाला तंतुमुळे असतात. ती साध्या बागायती मातीत निभावते. पॅराडॉक्सा सोटमुळाची, कोरड्या खडकाळ जमिनीत वाढलेली. तिचा अंश असलेले संकरज हिवाळ्यात ओल साचली की कुजतात. सुरुवातीचे अनेक नारिंगी-पिवळे वाण दुसऱ्या उन्हाळ्यात उगवलेच नाहीत आणि बागप्रेमींची मोठी निराशा झाली. असे रोप शरदात न लावता वसंतात लावावे, निचरा चांगला ठेवावा आणि पहिल्या वर्षी फुलांचे दांडे खुडावेत. भरात आलेली फुले कापताना जीव हळहळतो, पण त्यामुळे रोपाचा जोर मुळांकडे वळतो. मिश्र रंग चालत असतील तर बियांपासून होणारा ‘चेयेन स्पिरिट’ चांगला. फक्त कोणत्या रोपाला कोणता रंग येईल हे फुलल्यावरच कळते.

दुहेरी, गोंड्यासारख्या फुलांच्या वाणांत बिंब-पुष्पकांचे रूपांतर पाकळ्यांत झालेले असते. मधमाश्या व फुलपाखरांना तिथे फारसे काही मिळत नाही. डेलावेअर राज्यातील माउंट क्यूबा सेंटरने घेतलेल्या चाचण्यांतही परागवाहकांचा ओढा एकेरी फुलांकडेच दिसला. ‘पिका बेला’ आणि पांढरा, सुवासिक ‘फ्रेग्रंट एंजल’ हे तिथे उत्तम ठरलेल्यांपैकी. वाफ्यात एकेरी फुलेच अधिक असावीत. त्यांची वाळलेली बोंडे हिवाळ्यात उभी ठेवली तर गोल्डफिंच पक्षी बिया टिपायला येतात.

फुले हिरवट, पानांसारखी वेडीवाकडी झाली तर तो फायटोप्लाझ्माचा, म्हणजे जिवाणूसारख्या अतिसूक्ष्म जीवाचा, ‘ॲस्टर यलोज’ रोग. वांग्यावरच्या पर्णगुच्छ रोगाप्रमाणे तोही तुडतुड्यांमार्फत पसरतो. त्यावर औषध नाही. वाण कितीही दुर्मीळ असला तरी झाड मुळासकट उपटून टाकावे लागते.

संकरज वाणांच्या पडलेल्या बियांतून आईचा रंग हुबेहूब उतरत नाही. अशी आपसूक उगवलेली रोपे तशीच राहू दिली, तर काही वर्षांत नारिंगी वाफ्यात गुलाबी फुले दिसू लागतात.