क्षेत्रकार्य (खानदेशातील)

आपला नसलेला समाज जवळून पाहून, ऐकून त्याविषयी लिहिण्याची पद्धत. जळगाव, धुळे, नंदुरबार आणि लगतच्या पट्ट्यात बाहेरचा लेखक बहुधा नावांपाशीच अडखळतो. नवापूर-साक्रीकडचे ‘कोकणी’ म्हणजे कोकणा जमातीचे लोक, गोव्याची कोकणी बोलणारे नव्हेत. ‘पावरी’ ही पावरा समाजाची बोली, तसेच डोंगऱ्यादेवाच्या (आदिवासींच्या डोंगरदेवाच्या) उत्सवात वाजणारे भोपळ्याचे वाद्यही. बहिणाबाई चौधरींची बोली लेवा गणबोली, म्हणजे लेवा पाटीदार समाजाची. तिला सरसकट अहिराणी म्हणणे चूक आहे.

बोली ऐकू येते तशीच लिहावी. अहिराणीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात. शाळेत मराठी शिकलेला हात सवयीने ‘डोळा’ लिहितो आणि बोली कागदावर येता येता प्रमाण मराठी होऊन बसते. ध्वनिमुद्रण त्याच दिवशी, बोलणाऱ्याला सोबत घेऊन कागदावर उतरवले तर हे टळते. दुभाष्याकडून वाक्यागणिक अर्थ घ्यावा, गोषवारा नको. बायकांशी बोलायचे तर दुभाषी बाईच हवी. गावचा पुरुष समोर असला की उत्तरे तोच देतो.

अक्कलकुवा, धडगावकडे गावे पाड्यापाड्यांत विखुरलेली असतात. रस्त्यालगतच्या एका पाड्यावरून गावाचे वर्णन करणे ही नेहमीची चूक. दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. जानेवारीत गेलेल्याला घरी बहुतांशी म्हातारेच भेटतात आणि गाव त्यांचेच वाटू लागते. होळीला माणसे परततात, पण तेव्हा गाव सणात असते. होळीचे व्रत पाळणाऱ्यांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये.

जुनी साधने जपून वापरावीत. खानदेशचे गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) १८८० चे, म्हणजे भिल्लांना काबूत आणणाऱ्या ब्रिटिश सत्तेचे. त्यातले ‘लुटारू’सारखे शब्द आजही बेधडक उतरवले जातात. गुन्हेगार जमातींचा १८७१ पासून चालत आलेला कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पारध्यांवरचा शिक्का लिखाणातून गेलेला नाही. याला लेखकांचा आळस जबाबदार आहे.

सरपंच, पोलीस पाटील, कारभारी यांना आधी भेटावे. मात्र सरपंचाचा होकार म्हणजे घरोघरची संमती नव्हे. काय लिहिणार, कुठे छापणार हे प्रत्येकाला त्याच्या बोलीत सांगावे लागते. कच्चा मजकूर छापण्याआधी पाड्यावर वाचून दाखवावा. नात्यांची, देवांची नावे तिथेच दुरुस्त होतात. नाव बदलूनही ‘पाड्यातला एकुलता पुजारा’ (देवाचे विधी करणारा) लिहिले की माणूस ओळखू येतो, म्हणून असा तपशील गाळावा लागतो.