पाण्याची पायरी आणि फिरता पूल

बडोद्याजवळून जाणाऱ्या नर्मदा कालव्यावरची वर-खाली होणारी दारं पाहिलेल्यांना ‘लॉक’ म्हटलं की तीच आठवतात. ती दारं किती पाणी सोडायचं ते ठरवतात, नाव चढवत नाहीत. नाव खालच्या पाण्यातून वरच्या पाण्यात चढवायला किंवा उतरवायला एकामागे एक दोन दारं आणि मध्ये हौदासारखी कोठी लागते. भूगोलाच्या पुस्तकात याला जलपाश म्हणतात, बंदरावर सरळ लॉकगेट.

पूर्वी दार एकच असे. ते उघडलं की लोंढ्याबरोबर नाव खाली सुटायची. वर जाणारी दोरांनी ओढून न्यावी लागे. चीनच्या महाकालव्यावर धान्याच्या नावा उतारावरून खेचत. त्यात नावा फुटायच्या आणि त्या गडबडीत धान्य पळवलं जायचं. इ.स. 984 मध्ये छ्याओ वेइयुए या अधिकाऱ्याने त्यावर उपाय म्हणून दोन दारं बांधली; मधलं अंतर 50 चिनी पावलांहून थोडं जास्त, म्हणजे सुमारे 75 मीटर. चोरांचाही या शोधात वाटा आहे म्हणायचा.

ती दारं उचलायची होती. आज दिसणारं दुपाखी दार पंधराव्या शतकाच्या अखेरीस मिलानच्या कालव्यांवर आलं आणि लिओनार्दो दा विंचीच्या नावाशी जोडलं गेलं. दोन्ही पाखं वरच्या पाण्याकडे टोक करून मिळतात, त्यामुळे पाणीच त्यांना घट्ट दाबून धरतं. 2 मीटर रुंद पाख्यामागे 2 मीटर पाणी असेल आणि दोन बाजूंत फक्त 10 सेंटीमीटरचा फरक उरला असेल, तरी जवळपास 400 किलोचा दाब असतो. पातळी समान होईपर्यंत कितीही जोर लावा, दार हलत नाही.

पंप कुठेच नसतो. नाव कोठीत घ्यायची, मागचं दार लावायचं आणि वरच्या झडपा सावकाश उघडायच्या. घाई केली तर नाव भिंतीवर आपटते. 22 मीटर लांब, 2.2 मीटर रुंद कोठीत 2.5 मीटर चढायला सुमारे 1.2 लाख लिटर पाणी लागतं, आणि ते वरूनच येतं. खरा धोका उतरताना. वरच्या दाराखाली दगडी उंबरा असतो. नावेची मागची बाजू त्यावर टेकली आणि पाणी उतरत राहिलं, तर पुढचा भाग बुडतो. दोर घट्ट बांधला असेल तर नाव त्यालाच लटकते.

1854 साली सुरू झालेल्या गंगा कालव्यावर सिंचनाबरोबर नावांसाठीही लॉक होते. पण शेताला वाहतं पाणी हवं, नावेला संथ. त्यात रेल्वे आली आणि नावांची वाहतूक मागे पडली. बडोदेकरांना जवळचं उदाहरण भावनगर बंदराचं. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक मोठा. ओहोटीला जहाजं चिखलात बसू नयेत म्हणून आतलं पाणी लॉकगेटने अडवतात.

फिरता पूल सपाट मुलखातला. रस्ता जवळजवळ पाण्याच्या पातळीला, उंच कमानीला जागा नाही, म्हणून नावेला वाट द्यायला पूल खुंट्यावर आडवा फिरवायचा. खुंटा मधोमध नसेल तर आखूड टोकाला वजन भरून तोल साधतात. याचा कळस इंग्लंडमधल्या बार्टनला: 1894 पासून तिथे दुसऱ्या कालव्यावरून पुलासारखा जाणाऱ्या कालव्याचाच तुकडा फिरतो, सुमारे 100 मीटर लांब, दोन्ही टोकांची दारं बंद करून, आत 800 टन पाणी तसंच ठेवून. लोखंडी पुलांना मात्र ऊन बाधतं. पूल प्रसरण पावून काठाच्या फटीत अडकतो; ॲमस्टरडॅममध्ये कडक उन्हाळ्यात अशा हलत्या पुलांवर पाण्याचे फवारे मारतात.