दोन कर्जत आणि एक ड्रॉपडाउन

जावामध्ये डेस्कटॉपवरचे प्रोग्रॅम लिहू लागलेल्या अनेकांचा असा समज असतो की ड्रॉपडाउन यादीत मजकूर भरायचा असतो. महाराष्ट्रातील तालुक्यांची यादी करताना हा समज लगेच महागात पडतो, कारण कर्जत नावाचा तालुका रायगड जिल्ह्यात आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे. यादीत केवळ नावे भरली, तर वापरणाऱ्याने दुसरे कर्जत निवडले तरी निवडीचा क्रमांक विचारल्यावर उत्तर पहिल्याच कर्जतचे मिळते. हा क्रमांक कोठेही साठवलेला नसतो, तर वरून खाली एकेक नोंद ताडून काढला जातो आणि पहिली जुळणी सापडताच शोध थांबतो.

वास्तविक स्विंग या जावाच्या खिडक्या-बटणे बनवण्याच्या संचातील जेकॉम्बोबॉक्स, म्हणजे ड्रॉपडाउनचा घटक, कोणतेही ऑब्जेक्ट (एकत्र बांधलेली माहिती) स्वीकारतो. तालुक्याचा सांकेतांक, नाव आणि जिल्हा एकत्र बाळगणारे ऑब्जेक्टच यादीत ठेवावे. मग पडद्यावर काय दिसते? डीफॉल्ट रेंडरर, म्हणजे यादीतली नोंद पडद्यावर रंगवणारा मूळचा घटक, त्या ऑब्जेक्टची टूस्ट्रिंग ही त्याला मजकुराचे रूप देणारी मेथड बोलावतो, आणि ती आपण लिहिलेली नसेल तर क्लासचे नाव, ॲटचे चिन्ह आणि हॅशकोडचे (ऑब्जेक्टसाठी काढलेल्या एका संख्येचे) षोडशमान आकडे असा मजकूर उमटतो. स्वतःचा रेंडरर दिल्यास ‘कर्जत (रायगड)’ असे हवे तसे दाखवता येते. हा रेंडरर म्हणजे रबरी शिक्का आहे: यादीत साडेतीनशे तालुके असले तरी लेबल एकच असते आणि प्रत्येक ओळीसाठी त्यावरचा मजकूर बदलून ते तेथे उमटवले जाते. यादी मिटलेली असतानाची चौकटही तोच रंगवतो. त्या वेळी त्याला ओळीचा क्रमांक उणे 1 असा मिळतो, आणि काहीच निवडलेले नसेल तर ऑब्जेक्टच्या जागी नल (म्हणजे काहीच नाही) येतो, याची तजवीज करावीच लागते.

माझ्या मते खरी मेख समानतेत आहे. जुनी नोंद डेटाबेसमधून वाचली की तालुक्याचे नवे ऑब्जेक्ट तयार होते. ते निवडण्यास सांगितल्यावर कॉम्बोबॉक्स इक्वल्स या दोन ऑब्जेक्ट समान आहेत का ते सांगणाऱ्या मेथडने यादीत त्याच्या तोडीचे ऑब्जेक्ट शोधतो, आणि यादी केवळ निवडीची (टाइप करता न येणारी) असून जुळणी सापडली नाही, तर तो कोणतीही त्रुटी न दाखवता आधीची निवड तशीच ठेवतो. अशा वेळी प्रोजेक्ट ‘क्लीन’ करून पुन्हा बांधण्याचा तोडगा सर्रास सांगितला जातो, पण त्याचा येथे काडीचाही उपयोग नाही. इक्वल्स लिहावी लागते आणि तिच्या जोडीने हॅशकोडही. जावा 16 पासून कायम झालेले रेकॉर्ड, म्हणजे केवळ माहिती बाळगणारे सुटसुटीत क्लास, या दोन्ही मेथड आपोआप देतात, मात्र ते सर्व घटकांची तुलना करतात. अहमदनगरचे अहिल्यानगर झाल्यावर जुन्या नावासह वाचलेले कर्जत नव्या यादीतील कर्जतशी जुळणार नाही. म्हणून तुलना फक्त सांकेतांकाचीच करावी.

रेंडरर लिहिला तरी टूस्ट्रिंग रिकामी सोडू नये, कारण कळफलकावरचे अक्षर दाबून यादीत उडी मारताना स्विंग रेंडररला विचारत नाही, टूस्ट्रिंगलाच विचारतो.