जंतू एकच, मग क्षय सगळ्यांना का होत नाही?

24 मार्च 1882 रोजी रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला आणि ‘हा रोग घराण्यातूनच येतो’ या समजुतीचा शास्त्रापुरता निकाल लागला. (आपल्याकडे सोयरीक ठरवताना ती पुढेही बराच काळ जिवंत राहिली.) पण जंतूची लागण झालेल्यांपैकी आयुष्यभरात साधारण 5 ते 10 टक्के लोकच आजारी पडतात. ते का, हे कॉखच्या शोधातून उलगडत नव्हतं.

जर्मनीतल्या ल्यूबेकमध्ये 1929-30 साली नवजात बाळांना तोंडावाटे दिलेल्या बीसीजी या क्षयविरोधी लसीत क्षयाचे खरेखुरे जंतू मिसळले गेले. ती लस मिळालेल्या 251 बाळांपैकी 72 दगावली. 173 बाळांमध्ये रोगाच्या खुणा दिसल्या, तरी ती जगली. उपजत प्रतिकारशक्तीचा पुरावा म्हणून हे उदाहरण वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. मला ते तितकंसं पटत नाही, कारण जुन्या नोंदी पुन्हा तपासल्यावर बाळांना गेलेली जंतूंची मात्राच कमीजास्त असल्याचं दिसलं.

जुळ्यांचा पुरावा जास्त भक्कम. न्यूयॉर्कमध्ये 1943 साली कालमन आणि रायसनर यांनी दाखवलं, की एकाला क्षय असेल तर दुसऱ्यालाही तो होण्याचं प्रमाण ज्यांची जनुकं सारखीच असतात अशा एकसारख्या जुळ्यांत इतर जुळ्यांपेक्षा बरंच जास्त असतं. नंतरच्या विश्लेषणांत हा फरक कमी भरला, पण पुसला गेला नाही.

मग जनुकांचा शोध सुरू झाला. इंटरफेरॉन-गॅमा हे पेशींना जंतूंशी लढायला चेतवणारं प्रथिन; त्याचा निरोप घेणाऱ्या ग्राहकाचं जनुक बिघडलेली मुलं 1996 मध्ये सापडली. त्यांना बीसीजीतला दुबळा जंतूसुद्धा झेपत नव्हता. 2018 मध्ये प्रतिकारशक्तीचे निरोप पेशीत पोचवणाऱ्या टीवायके2 जनुकाचा एक प्रकार पुढे आला. तो आई आणि वडील दोघांकडूनही आला, तर क्षयाचा धोका वाढतो. मात्र बहुसंख्य रुग्णांचं कोडं असं एखाद्या जनुकाने सुटलेलं नाही.

जनुक तेच, पण ते चालू राहणार की बंद, हा एपिजेनेटिक्सचा भाग. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या गटाने 2012 मध्ये दाखवलं, की बीसीजीनंतर रक्तातल्या मोनोसाइट या बचाव करणाऱ्या पेशींच्या हिस्टोन प्रथिनांवर (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या) रासायनिक खुणा उमटतात आणि त्या पेशी इतर जंतूंनाही जोमाने तोंड देतात. हैदराबादच्या सीडीएफडी संस्थेतलं 2015 चं काम याच्या अगदी उलट बाजूचं आहे. क्षयाचा जंतू आरव्ही1988 हे प्रथिन आपल्या पेशीच्या केंद्रकात धाडतो, हिस्टोनवर स्वतःची खूण करतो आणि बचावाची जनुकं दाबून टाकतो. हे प्रथिन काढून घेतलेले जंतू शरीरात कमी तग धरतात.