न आलेल्यांची नोंद

प्राथमिक आरोग्य केंद्रातलं ओपीडीचं रजिस्टर कधी जवळून पाहिलंय? वर आजची तारीख, खाली अनुक्रमांक, नाव, वय, गाव, तक्रार, दिलेलं औषध. ताप, खोकला, विंचूदंश, मध्येच ‘बीपी’. संध्याकाळी रेघ मारायची, दुसऱ्या दिवशी नवी तारीख. ताप-खोकल्याला एवढं पुरतं, कारण तो माणूस बरा होऊन निघून जातो.

पण एखाद्या आजीला रक्तदाबाची गोळी आता कायमची घ्यायची असते. दर महिन्याला ती आली, तर वर्षभरात तिची हकीकत या रजिस्टरच्या बारा वेगवेगळ्या पानांवर विखुरते. आणि तेराव्या महिन्यात ती आलीच नाही तर? न आलेल्या माणसाची ओळ कुठल्याच पानावर नसते. रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नाही, म्हणून गोळ्या सुटतात. काही वर्षांनी तीच आजी पक्षाघात होऊन दवाखान्यात येते, तेव्हा तिचं नाव पुन्हा लिहिलं जातं.

दीर्घकालीन आजारांची रुग्णनोंदणी हीच गोष्ट उलटी करते. इथे पान तारखेचं नसतं, माणसाचं असतं. एका माणसाचं एक कार्ड: नाव, वय, गाव, मोबाइल, प्रत्येक भेटीतला रक्तदाब, चालू गोळी आणि पुढच्या भेटीची तारीख. माझ्या मते यातला सगळ्यांत मोलाचा रकाना शेवटचा. पुढच्या भेटीच्या तारखेप्रमाणे कार्डं खोक्यात लावून ठेवली, की महिनाअखेर त्या कप्प्यात जी उरतात ती न आलेल्यांची. मग संगणक नसला तरी अडत नाही.

ही पद्धत क्षयरोगाकडून आली. १९७० च्या दशकाअखेरीस डॉ. कारेल स्टिब्लो यांनी टांझानियाच्या क्षयरोग कार्यक्रमात एक शिस्त लावली: एका तिमाहीत नोंदवलेले सगळे रुग्ण ही एक तुकडी धरायची आणि पुढे तुकडीतल्या प्रत्येकाचं काय झालं याचा हिशेब द्यायचा. बरा झाला, दगावला, उपचार सोडून गेला, काहीही असो. हिशेबातून कुणी गळता कामा नये.

भारतात २०१८ पासून ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’नं हाच हिशेब रक्तदाबाला लावला. सुरुवात पाच राज्यांतल्या २५ जिल्ह्यांत झाली. महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा त्यांत होते. या हिशेबानं काय बदलतं, ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. केंद्रात ४०० रुग्ण नोंदवले. पुढच्या तिमाहीत २४० आले आणि त्यांतल्या १८० जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली होता. आलेल्यांतून काढलं तर यश ७५ टक्के. नोंदवलेल्यांतून काढलं तर ४५. दोन्ही आकडे खरे आहेत, पण पहिल्यात १६० माणसं नाहीशी झाली आहेत.

आणखी एक प्रश्न उरतो: नोंद व्हायला हवी अशी माणसं मुळात किती? सपाटीवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्राखाली साधारण ३०,००० लोकवस्ती असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत पंधरा वर्षांवरच्या दर पाचांतल्या एकाहून अधिक जणांचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा त्यासाठी गोळी चालू होती. म्हणजे एका केंद्राच्या हद्दीत चार-पाच हजार माणसं. चारशे कार्डांवर समाधान मानता येत नाही ते यामुळे.

नोंदणी बिघडते कशी, तेही सांगायला हवं. पहिलं कारण हाव. चाळीस रकान्यांचं कार्ड छापलं की गर्दीच्या दिवशी सिस्टर त्यातले दहाही भरू शकत नाहीत, आणि अर्धवट कार्डावर पुढे कुणाचाच विश्वास राहत नाही. दुसरं, अंदाजे लिहिलेले आकडे. पाऱ्याच्या यंत्रावर दर दोन अंकांना एक खूण असते, म्हणून नोंदींचा शेवटचा अंक ०, २, ४, ६, ८ यांत जवळपास सारखा विभागलेला दिसायला हवा. कार्डांवर सगळीकडे १३०/८० आणि १२०/८० दिसू लागलं, तर पट्टा दंडाला नीट बांधला जातोय का ते पाहायला जावं लागतं.

तिसरं कारण आपल्याकडचं. दिवाळीच्या सुमारास बीडची माणसं ऊसतोडीला साताऱ्या-सांगलीकडे निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावरच परततात. कार्डावर ती चार-पाच महिने ‘आला नाही’ अशी दिसतात. त्यांनी उपचार सोडलेला नसतो, गाव सोडलेलं असतं. टोळी निघायच्या आधी जास्त दिवसांच्या गोळ्या बांधून देणं आणि कार्डावर ‘स्थलांतर’ असं स्वच्छ लिहिणं, एवढ्यानं पुष्कळ फरक पडतो. खिशात गोळीचं नाव आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी असली, की फडाजवळच्या दवाखान्यातही तीच गोळी पुढे चालू राहते.

राहिली ती खोक्यात उरलेली कार्डं. सिस्टर त्यातलं एक काढतात, नंबर लावतात. फोन नातू उचलतो. आजी शेतावर गेलीय, गोळ्या संपून तीन आठवडे झालेत, तिला बरं वाटत होतं म्हणून परत आणल्या नाहीत. सिस्टर येत्या मंगळवारी बोलावतात आणि पेन्सिलीनं नवी तारीख घालून कार्ड पुढच्या कप्प्यात सरकवतात.