स्त्रियांसाठी ताल्मुद आणि हलाखाचे प्रगत शिक्षण: पात्रता, कागदपत्रे आणि तोंडी परीक्षा

ताल्मुद म्हणजे ज्यू ऋषींच्या धर्मचर्चांचा मोठा ग्रंथ, हलाखा म्हणजे ज्यू धर्माचे आचारनियम. अर्ज भरण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या: अभ्यास संपल्यावर हातात काय हवे आहे? वरवर सारखे दिसणारे अभ्यासक्रम शेवटी फार वेगळ्या ठिकाणी पोचवतात, आणि चुकीच्या दारात अर्ज टाकला की अख्खे वर्ष वाया जाते.

निव्वळ गेमारा, म्हणजे ताल्मुदमधला चर्चेचा भाग, खोलवर शिकायची असेल तर न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठातला स्त्रियांचा पदव्युत्तर ताल्मुद कार्यक्रम (बोलीत ‘जीपॅट्स’) पाहा. २००० साली सुरू झालेला हा दोन वर्षांचा, पूर्णवेळ कार्यक्रम आहे. याच विद्यापीठाच्या स्टर्न कॉलेजमध्ये १९७७ साली रब्बी (ज्यू धर्मगुरू) योसेफ दोव सोलोवेचिक यांनी मुलींसमोर ताल्मुदचा पहिला पाठ घेतला होता. अशाच संस्थांपैकी न्यूयॉर्कचीच द्रिशा १९७९ ची, आणि जेरुसलेममधली मतान १९८८ ची.

निद्दाचे, म्हणजे मासिक पाळी आणि वैवाहिक शुद्धीचे नियम इतर स्त्रियांना समजावून सांगायचे असतील तर जेरुसलेमची निश्मत. इथे १९९७ पासून ‘योएत्सेत हलाखा’, म्हणजे हलाखाच्या स्त्री-सल्लागार, घडवतात. दोन वर्षांत हजाराहून अधिक तासांचा हलाखाचा अभ्यास, त्याला स्त्रीरोग, वंध्यत्व, गर्भनिरोधन अशा वैद्यकीय विषयांची जोड, आणि शेवटी रब्बींच्या मंडळासमोर तोंडी परीक्षा. योएत्सेत प्रश्नांची उत्तरे देते. गुंतागुंतीचा, नव्याने निवाडा लागणारा प्रश्न रब्बीकडे पाठवते. ही सीमा मान्य नसेल तर इथे अर्ज करू नये, मुलाखतीत ते लगेच कळते.

शब्बात (साप्ताहिक विश्रांतीचा दिवस), काश्रुत (खाण्यापिण्याचे नियम), निद्दा, शोक अशा सगळ्या हलाखावर पकड हवी असेल तर जेरुसलेमच्या मिद्रेशेत लिंडेनबाउमचा पाच वर्षांचा हलाखा-नेतृत्व कार्यक्रम, किंवा न्यूयॉर्कची येशिवात महारात. महारात २००९ ची. तिचा मुख्य मार्ग चार वर्षांचा आणि शेवटी थेट स्मिखा, म्हणजे रब्बीपदाची दीक्षा. मात्र अमेरिकेच्या ऑर्थोडॉक्स युनियन या सिनेगॉगांच्या संघटनेने २०१७ मध्ये आपल्या सभासद सिनेगॉगांत स्त्रियांनी धर्मगुरूपद भूषवू नये असा निर्णय घेतला. त्यामुळे प्रमाणपत्रावर कोणती पदवी छापली आहे, यावर पुढची नोकरी ठरू शकते. हे प्रवेश घेतल्यानंतर नाही, आधी विचारायचे.

पात्रता

माहितीपत्रकात पदवी, धर्माचरण आणि ‘भक्कम तोराह-पार्श्वभूमी’ (तोराह म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ) असे लिहिलेले असते. यातली तिसरी अट सगळे ठरवते. त्याचा व्यवहारातला अर्थ असा: शाळेनंतर मिद्राशा या मुलींच्या धर्मशिक्षण संस्थेत किमान वर्ष-दोन वर्षे नियमित गेमारा झालेली असावी, हिब्रू स्वरचिन्हांशिवाय वाचता यावी, नेहमीची अरामी शब्दावली ठाऊक असावी, आणि राशी या मध्ययुगीन भाष्यकाराच्या नावाने ओळखली जाणारी लिपी बोट न ठेवता वाचता यावी. या लिपीत सामेख आणि शब्दाच्या शेवटी येणारा मेम ही अक्षरे जवळपास सारखीच दिसतात. नवख्या वाचकाचा पहिला अडखळा बहुधा तिथेच होतो.

दाफ योमी, म्हणजे रोज ताल्मुदचे एक पान, पूर्ण केलेल्या अर्जदार आता वाढल्या आहेत. जानेवारी २०२० मध्ये जेरुसलेमला स्त्रियांच्या सियुमसाठी (अभ्यासपूर्तीच्या सोहळ्यासाठी) हजारो जणी जमल्या होत्या. बाव्हलीची, म्हणजे बॅबिलोनी ताल्मुदची, २,७११ पाने साडेसात वर्षांत पार करणे सोपे नाही, पण ती बेकिउत झाली, म्हणजे विस्तार. प्रगत अभ्यासक्रम इयुन मागतात, म्हणजे खोली. अर्जात दोन्ही वेगळे लिहा.

कागदपत्रे

नेमकी यादी संस्थेगणिक बदलते, पण साधारण मागणी अशी: पदवी आणि गुणपत्रके, अभ्यासाचा तपशील असलेला परिचय, एक-दोन पानी निवेदन, दोन किंवा तीन शिफारसपत्रे, पासपोर्ट.

परिचयात ‘ताल्मुदचा अभ्यास केला’ एवढे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. असे लिहा: मसेखेत (ताल्मुदचा खंड) कोणती, किती पेरेक (प्रकरणे), राशीसह की राशीविना, तोसाफोत (राशीनंतरच्या भाष्यकारांच्या टिपा) पूर्ण की निवडक, आठवड्याला किती तास, हव्रुतासोबत (अभ्यासातल्या जोडीदारासोबत) की वर्गात. हलाखासाठीही तसेच: शुल्हान आरूख (हलाखाची प्रमाण संहिता), तिचा योरे देआ हा भाग, सिमान (कलमे) ८७ ते १११ (मांस आणि दूध, मग मिश्रणे), शाख आणि ताझ या भाष्यांसह. निद्दा असेल तर सिमान १८३ ते २००. परीक्षक या आकड्यांवरूनच पहिला प्रश्न काढतात, म्हणून न केलेले सिमान लिहू नयेत.

शिफारसपत्रांपैकी एक गेमारा शिकवणाऱ्या व्यक्तीचे हवेच. इथे एक चूक फार होते: पत्रात स्वभाव, भक्ती, सेवाभाव यांचे कौतुक भरभरून असते आणि मुलगी सुग्या, म्हणजे गेमारातली एक सलग चर्चा, स्वतः उलगडू शकते का, यावर एक ओळही नसते. असे पत्र नुकसान करते. शिक्षकांना आपण काय शिकलो त्याची यादी आधीच द्या. ते आनंदाने वापरतात.

तोंडी परीक्षा, म्हणजे बेहिना

पद्धत साधारण अशी. न पाहिलेली एक सुग्या देतात, तयारीला तासभर किंवा थोडा जास्त वेळ, शब्दकोश चालतो, भाषांतर चालत नाही. मग परीक्षकांसमोर मोठ्याने वाचायचे आणि समजावायचे.

नमुना म्हणून बेराखोत या मसेखेतचे दाफ (पान) २०, दुसरी बाजू घ्या. राविना हा ऋषी रावा या दुसऱ्या ऋषीला विचारतो: जेवणानंतरची बिरकत हामाझोन ही प्रार्थना स्त्रियांवर दोराइता आहे, म्हणजे तोराहनेच लादलेली, की दराबानन, म्हणजे ऋषींनी? गेमारा लगेच विचारते: यातून फरक काय पडतो? फरक असा, की तोराहचे बंधन असलेली व्यक्तीच तोराहचे बंधन असलेल्या दुसऱ्याच्या वतीने म्हणू शकते. मग ‘ता श्मा’, ये ऐक: मुलगा बापासाठी, दास मालकासाठी, बायको नवऱ्यासाठी म्हणू शकते. म्हणजे बंधन तोराहचेच ना? त्यावर गेमाराचा प्रतिप्रश्न: तुझ्याच तर्काने लहान मुलावरही तोराहचे बंधन आले का? म्हणून उलगडा असा, की इथे नवऱ्याने पोटभर खाल्लेलेच नाही. ऋषींनी ठरवलेल्या किमान मापाएवढेच खाल्ले आहे. त्याचेही बंधन तेवढ्यापुरते दराबाननच.

पाठ करून आलेली मुलगी इथपर्यंत येते. पुढचे प्रश्न असे: बंधन दराबाननच असावे, ही शंका मुळात का आली? राशी सांगतो, प्रार्थनेच्या वचनात ‘तुला दिलेली चांगली भूमी’ असे शब्द आहेत आणि भूमीच्या वाटणीत स्त्रियांना हिस्सा नव्हता. तोसाफोत अडवते: मग लेवी (मंदिरसेवक) आणि कोहेन (पुरोहित) यांनाही हिस्सा नव्हता, त्यांचे काय? आणि शंकेचे कारण दुसरीकडे शोधते: प्रार्थनेत ज्या करार (सुंतेचा) आणि तोराहचा उल्लेख करायचा, त्यांत, कारण ते स्त्रियांना लागू नाहीत. हा धागा धरता आला तर परीक्षक खुर्चीत पुढे सरकतात. मग बहुधा विचारतात: शेवटी निकाल काय? शुल्हान आरूखचा ओराह हायिम हा भाग, सिमान १८६: स्त्रियांवर बंधन आहे, पण ते तोराहचे की ऋषींचे याचा संशय शुल्हान आरूखनेही तसाच ठेवला आहे. निकाल माहीत नसणे माफ होते. निकाल सुग्येतून कसा निघाला किंवा का निघाला नाही, हे सांगता न येणे माफ होत नाही.

अडचणी कुठे येतात? प्रश्न संपून उत्तर कुठे सुरू होते हे ओळखता येत नाही, कारण छापील पानावर विरामचिन्हे नसतात. स्टाइनझाल्ट्झची विरामचिन्हांकित आवृत्ती किंवा आर्टस्क्रोलचे भाषांतर वापरून शिकलेल्यांना हा फटका हमखास बसतो. उपाय एकच: शेवटचे तीन-चार महिने विल्ना आवृत्तीच्या साध्या पानावरच बसा, मधे गेमारा, बांधणीकडे राशी, बाहेरच्या बाजूला तोसाफोत. (ज्या आवृत्तीवरून आज बहुतेक सगळे शिकतात, तिच्या मुखपृष्ठावर छापखान्याचे नाव ‘विधवा आणि बंधू रोम’ असे आहे. स्त्रियांनी गेमारा उघडावी की नाही हा वाद चालू असताना पान एका विधवेच्या छापखान्यातून येत होते.)

इस्रायली रब्बीनेटच्या परीक्षा

हा वेगळा मार्ग आहे. इस्रायलच्या मुख्य रब्बीनेटच्या (अधिकृत धर्मगुरू-संस्थेच्या) लेखी परीक्षा विषयवार होतात आणि वर्षानुवर्षे त्या फक्त पुरुषांना खुल्या होत्या. त्या उत्तीर्ण झाल्यास काही सरकारी नोकऱ्यांत ते पदवीच्या तोडीचे मानले जाते, म्हणून प्रश्न पोटापाण्याचाही होता. २०१९ मध्ये याचिका दाखल झाली आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांना परीक्षेला बसू द्यावे असा निकाल दिला. निकाल परीक्षेपुरता आहे. रब्बीनेटने स्त्रियांना स्मिखा द्यावी असे त्यात नाही. नोंदणीच्या सूचना रब्बीनेटकडूनच तपासाव्यात.

भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठी

मुंबई, ठाणे, अलिबागकडच्या बेने इस्राएल कुटुंबांतून अर्ज करताना कागदांवरची नावे आधी जुळवून घ्या. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव मधे, पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी, आणि आजोबांच्या पिढीत शमुएलचा सामाजी झालेला, असे सर्रास असते. तीन ठिकाणी तीन नावे असतील तर प्रतिज्ञापत्र लागेल. काही संस्था आणि शिष्यवृत्त्या ज्यू असल्याचा पुरावाही मागतात: आईवडिलांचा केतुबा (विवाहकरार) आणि आपल्या सिनेगॉगचे पत्र. पत्रात आईकडची बाजू स्पष्ट लिहून घ्या, कारण हलाखात ज्यूपण आईकडून येते. १९६० च्या दशकात बेने इस्राएलांच्या विवाहांवरून इस्रायलमध्ये मोठा वाद झाला होता. जुना केतुबा सांभाळून ठेवणे म्हणूनही शहाणपणाचे.

इस्रायलला जायचे असल्यास पदवी आणि जन्मदाखल्यावर ॲपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य ठरवणारे प्रमाणीकरण) लागू शकते. आधी राज्य पातळीवर प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. आधी लॅमिनेट केलेला कागद अनेकदा परत येतो. अलिया न करता (इस्रायलमध्ये कायमचे स्थायिक न होता) विद्यार्थिनी म्हणून जाणाऱ्यांसाठी ए/२ व्हिसा असतो. त्यासाठी संस्थेचे प्रवेशपत्र आणि खर्चाची तरतूद दाखवावी लागते, आणि मुक्काम वाढला तर इस्रायलमध्येच त्याचे नूतनीकरण करावे लागते. संस्थांची सत्रे एलूल महिन्यात (ऑगस्ट-सप्टेंबर) किंवा सुक्कोत या सणानंतर (सप्टेंबर-ऑक्टोबर) सुरू होतात, म्हणून कागदांचे काम पेसाह या सणाच्या (मार्च-एप्रिल) आधीच हाती घ्यावे. या व्हिसावर नोकरी करता येत नाही. घरभाडे शिकवण्या घेऊन भागवू असा हिशेब असेल तर तो आत्ताच बदला.