जलतरण तलावाच्या पाण्याचा रासायनिक समतोल (घरगुती)

घरच्या तलावातले पाणी पोहणाऱ्याला निर्धोक राहावे आणि त्याने फरशी, गिलावा, पंप यांचीही झीज करू नये, म्हणून त्यातील क्लोरीन, सामू (पीएच), अल्कता व जडपणा ठरावीक मर्यादेत राखण्याची पद्धत.

सर्वांत महत्त्वाचा सामू, कारण क्लोरीनची ताकद त्यावर ठरते. पाण्यात क्लोरीन हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट आयन अशा दोन रूपांत असते. जंतू मुख्यतः आम्लरूप मारते. २५° से. तापमानाच्या पाण्यात सामू ७.५ असताना ही रूपे जवळपास निम्मीनिम्मी असतात, ८ झाल्यावर आम्लरूप जेमतेम पाव उरते. त्यामुळे शेवाळ दिसले की सामू न तपासता पावडर ओतत राहणे ही सर्रास होणारी आणि महागात पडणारी चूक. सामू ७.२ ते ७.८ आणि मुक्त क्लोरीन (अजून कशाशी संयोग न झालेले) लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम असावे.

सामू एका जागी टिकतो तो अल्कतेमुळे, म्हणजे आम्ल पचवण्याच्या पाण्याच्या क्षमतेमुळे. ती लिटरला ८० ते १२० मिलिग्रॅम ठेवतात. म्हणून दुरुस्ती अल्कतेपासून सुरू करावी. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात ४८,००० लिटर पाणी मावते. त्याची अल्कता १० मिलिग्रॅमने वाढवायला सुमारे ८०० ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. सामू उतरवायला सौम्य केलेले हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. आम्ल पाण्यात ओतायचे, आम्लात पाणी कधीच नाही.

डोळे चुरचुरले, उग्र वास आला की ‘क्लोरीन जास्त झाले’ असे म्हटले जाते. बहुतेकदा उलटे असते: घाम व लघवीतल्या नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनचा तो वास, आणि मुक्त क्लोरीन कमी पडल्याची खूण. ग्रामपंचायतीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीनंतर होणारी पिवळ्या रंगाची ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी मुक्त क्लोरीन आणि क्लोरामाइन दोन्ही एकत्रच दाखवते. तलावासाठी मुक्त क्लोरीन वेगळे दाखवणारी, गुलाबी रंगाची डीपीडी चाचणी घ्यावी.

उन्हात क्लोरीन काही तासांत उडते. त्याला धरून ठेवायला लिटरला ३० ते ५० मिलिग्रॅम सायन्युरिक आम्ल पुरते. क्लोरीनच्या टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल) गोळ्यांतून ते आपोआप येतच राहते आणि साचत जाऊन क्लोरीनलाच मंद करते. कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या पावडरीत ते नसते, पण तिच्याने जडपणा वाढतो. ही पावडर आणि टीसीसीए एकाच भांड्यात किंवा एकाच मापाने हाताळू नये. स्फोट होऊ शकतो.

दख्खनच्या बेसाल्टमधले बोअरचे पाणी अनेक ठिकाणी मुळातच जड असते. उन्हाळ्यात पाणी वाफेने जाते, क्षार मागे राहतात, आणि वर पुन्हा तेच पाणी भरले की फरशीवर पांढरी पुटे धरतात. कॅल्शियमचा जडपणा ४०० मिलिग्रॅमच्या वर गेल्यास थोडे पाणी काढून पावसाचे किंवा हलके पाणी भरणे हाच साधा उपाय. साचलेले सायन्युरिक आम्लही असेच कमी होते. काढलेले पाणी झाडांना घालण्याआधी त्यातले क्लोरीन उतरू द्यावे.